टेप घेऊन आपल्याच मोहल्ल्यात

(आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यांसमोर उन्हाळ्याच्या सुट्टीआधी केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



सबमिशन संपत आलं की मला फोन सुरू होतात. मुलांचे फोन असतात, "मॅडम, सुट्टीत रेव्हिट करू की लुमियन?" पालकांचे फोन असतात, "मुलीला कुठल्या तरी ऑफिसात चिकटवून द्या." दोन्ही प्रश्न रास्त आहेत, म्हणून आधी त्यांची उत्तरं देऊन टाकते. सॉफ्टवेअर जरूर शिका, पण त्यासाठी अब्बांना कर्ज काढायला लावून क्लास लावू नका. एखादा सीनियर, रोजचा एक तास आणि खरं काहीतरी काढायचं काम, एवढं असलं की ते येतं. ऑफिसात जायचं तर तिसरं वर्ष झाल्यावर जा. प्रॅक्टिकल ट्रेनिंग अभ्यासक्रमात पुढे आहेच. आणि गेलात तर स्टायपेंड किती ते पहिल्याच दिवशी विचारा. रात्री दहापर्यंत मॉडेल कापायचं आणि बसभाडंही घरून आणायचं, याला अनुभव म्हणत नाहीत.

आता माझं म्हणणं. या सुट्टीत एक घर मोजा. तुमचं स्वतःचं.

कशासाठी, ते सांगते. मी ज्युरीला बसते. समोर भिवंडीचा मुलगा असतो, मालेगावची मुलगी असते, मुंब्र्याची, कोंढव्याची, मिरजेची मुलं असतात. भिंतीवर लावलेल्या शीटवर जपानमधलं घर असतं, श्रीलंकेतला बंगला असतो. क्लायंट कोण, तर डॉक्टर नवरा-बायको, दोन मुलं आणि एक कुत्रा. प्लॉट हजार चौरस मीटरचा. ज्या मुलानं हे काढलं आहे तो बारा बाय नऊच्या खोलीत सहा जणांबरोबर वाढलेला असतो. पाणी सकाळी किती वाजता येतं, पिंपं कुठे ठेवायची, पाहुणे आले की बहिणीनं अभ्यास कुठे करायचा, शिलाई मशीन रात्री कुठे सरकवायचं, हे त्याला सगळं पाठ असतं. टेबलाच्या अलीकडे बसलेल्या आम्हा परीक्षकांना त्यातलं निम्मंही ठाऊक नसतं. पण तो त्यातला एक शब्द शीटवर येऊ देत नाही. कुठे राहतोस विचारलं तर म्हणतो, "ठाण्याच्या पुढे."

हा संकोच मला कळतो. आडनाव सांगितल्यावर "फ्लॅट कालच गेला" हे ज्यांनी आईवडिलांबरोबर ऐकलं आहे, त्यांना पत्ता सांगताना जड जाणारच. पण विद्यार्थी म्हणून तुमचं यात नुकसान होतं. शहरात दाटीनं राहणाऱ्यांची घरं कशी असावीत हा या देशातल्या वास्तुकलेचा मोठा प्रश्न आहे, आणि त्याचा कच्चा माल तुमच्या घरात पडलेला आहे. बाळकृष्ण दोशींना 2018 मध्ये प्रिट्झकर पुरस्कार मिळाला. जन्म पुण्याचा, 1927 चा. त्यांचं इंदूरचं अरण्य नावाचं काम बघा. त्यांनी गरीब कुटुंबांना सरसकट तयार घरं दिली नाहीत. जोतं, संडास-मोरीचा गाभा आणि फार तर एखादी खोली दिली. बाकीचं घर ज्यानं त्यानं ऐपतीप्रमाणे वाढवायचं. त्या कामाला 1995 चा आगा खान पुरस्कार मिळाला. घर कसं वाढतं हे ज्यानं नीट पाहिलं आहे त्यालाच असं सुचतं. तुम्ही तर ते लहानपणापासून पाहताय. आधी माळा टाकला, मग भावाच्या लग्नाच्या वेळी मागे पत्रा ओढला, मग जिना बाहेर काढला. हा क्रम तारखांसकट कागदावर उतरवा.

आणि हे उन्हाळ्यातच करा. डिसेंबरमध्ये सगळीच घरं बरी वाटतात. घराची परीक्षा एप्रिल-मेमध्ये होते, आणि नेमके तेव्हा तुम्ही घरी असता.

मोजायचं कसं, यावर थोडा वेळ घालवते, कारण कॉलेजात हे घाईत उरकतात. तीन जण लागतात. एक टेपचं टोक धरणारा, एक वाचणारा, एक लिहिणारा. लिहिणाऱ्यानं आकडा मोठ्यानं परत म्हणायचा. भिंतीवरचं प्रत्येक दार, खिडकी, खांब सुटं सुटं मोजून बेरीज करू नका. प्रत्येक वेळी थोडी चूक होते आणि चुका साठत जातात. टेप एका कोपऱ्यात पक्का धरा आणि तिथूनच सलग आकडे घ्या. दार सुरू कुठे, संपतं कुठे, खिडकी कुठे. मग दोन्ही कर्ण मोजा. बारा बाय नऊची खोली काटकोनात असेल तर कर्ण बरोबर पंधरा फूट येतो. गवंडी तीन-चार-पाच म्हणतो, ते हेच. दोन कर्णांत फरक आला तर खोली तिरकी आहे, आणि आपल्या वस्तीत ती बहुधा तिरकी असतेच, कारण शेजारची भिंत आधी उभी होती. तो तिरकेपणा ड्रॉइंगमध्ये सरळ करून टाकू नका. त्या तिरकेपणात जागेचा इतिहास असतो. लेव्हलसाठी महागडं यंत्र नको. गवंड्याकडे पाणी भरलेली पारदर्शक नळी असते, तिनं गल्लीची पातळी आणि तुमच्या उंबऱ्याची पातळी तपासा. पावसाळ्यात पाणी घरात का शिरतं ते एका सकाळीत कळेल.

भिंती झाल्या की सामान काढा. पिंप, गॅसची टाकी, मशीन, कपाट, कुराण ठेवायचं फडताळ, चार्जिंगचा बोर्ड, गुंडाळून ठेवलेल्या गाद्या. मग तीच खोली चार वेळा काढा: सकाळी सहाची, दुपारी एकची, संध्याकाळची आणि रात्री बाराची. यंत्रमागाच्या गावांत एकाच खोलीत दोन पाळ्यांचे कामगार झोपतात. दिवसपाळीचा उठतो तेव्हा रातपाळीचा आडवा होतो. एकाच प्लॅनमध्ये हे दिसणार नाही. चार प्लॅनमध्ये दिसतं.

यानंतर उष्णता. साधा थर्मामीटर घ्या, सकाळपासून मध्यरात्रीपर्यंत दर दोन तासांनी आकडा लिहा, तीन दिवस. एक नोंद उभ्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवर आणि एक झोपल्यावर जिथे छाती येते तिथे. जमलं तर एक पत्र्याचं घर आणि एक स्लॅबचं घर, दोन्हींचा आलेख एकाच कागदावर काढा. पत्रा दुपारी आग ओकतो, पण ऊन गेलं की लवकर निवतो. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री ते खोलीत सोडत बसतो. "पक्कं घर झालं तरी झोप का नाही?" असं तुमची खाला विचारते तेव्हा तिच्या प्रश्नाचं उत्तर त्या आलेखात असतं. मग निम्म्या छपरावर चुन्याचे दोन हात मारा, निम्मं तसंच ठेवा आणि पुन्हा तीन दिवस मोजा. चुना पावसात धुऊन जातो हे खरं, पण आपल्याला तो एप्रिल-मेपुरताच हवा आहे. अहमदाबादमधली महिला हाउसिंग ट्रस्ट ही संस्था वस्त्यांमधल्या छपरांवर पांढरा थर देण्याचं काम करते. तुमच्या मोहल्ल्यात पाच घरांचे आकडे जमले तर नगरसेवकासमोर ठेवायला तुमच्याकडे काहीतरी असेल. एक ताकीद मात्र देते. सिमेंटच्या पत्र्यावर पाय ठेवू नका, तो तुटतो. जुना असेल तर त्यात अॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते, म्हणून तो घासू नका आणि त्याला भोकं पाडू नका.

उष्णतेबरोबर हवेचा प्रश्न येतो, आणि हवेबरोबर पडद्याचा. गल्ली पाच फुटांची, दारासमोरून सारखी ये-जा, म्हणून दार बंद किंवा त्यावर जाड पडदा. आतली बाई दुपारभर त्या कोंडलेल्या हवेत स्वयंपाक करते. यावर आपल्याकडे भाषणं खूप होतात, पडदा असावा की नसावा. ती चर्चा चालू द्या. तुम्ही आधी बघा की वारा कुठून येऊ शकतो. हवा आत यायला एक वाट लागते आणि बाहेर जायला दुसरी, आणि ती दुसरी वर असेल तर गरम हवा निघून जाते. दाराच्या वरच्या भागात जाळी, मागच्या भिंतीत छताखाली झरोका. आपल्या जुन्या इमारतींत जाळी नुसती नक्षी म्हणून आली नव्हती. आतून बाहेरचं दिसावं, बाहेरून आतलं दिसू नये आणि वारा अडू नये, ही तिघांची सोय त्या दगडात कोरलेली आहे. तीच सोय सिमेंटच्या तयार जाळीत किती पैशांत होईल, ते जवळच्या दुकानात विचारून या.

मुलींना एक वेगळी गोष्ट सांगते. शेजारच्या घरात टेप घेऊन मुलगा गेला तर त्याला बाहेरच्या खोलीत बसवून चहा देतील. तुम्ही थेट मोरीपर्यंत जाता. त्यामुळे या वस्त्यांचं खरं ड्रॉइंग तुम्हीच काढू शकता. संडास कुठे, दार कुठल्या बाजूला उघडतं, रात्री सार्वजनिक संडासापर्यंत जायला किती पावलं आणि वाटेत दिवा आहे का, हे कुणीतरी नकाशावर आणलं पाहिजे. जिने मोजा. पायरीची उंची मोजा, वळणाची जागा मोजा आणि विचारा की इथून जनाजा उतरवता येतो का. मुंब्र्यातल्या कितीतरी इमारतींत लोकांना ही अडचण ठाऊक आहे. पुस्तकात जिन्याची रुंदी आकड्यात दिलेली असते. ती रुंदी का असावी ते या प्रश्नानं समजतं.

आता मशीद. घरानंतर मोजायला याहून चांगली इमारत नाही. कमान, घुमट, वुजूखान्याचा उतार, जुम्म्याला रस्त्यावर येणाऱ्या सफा. ट्रस्टींकडे लेखी अर्ज घेऊन जा. नमाजच्या वेळा सोडून किती वाजता येऊ ते त्यात लिहा, आणि तुमच्या गटात मुली आहेत हेही लिहा. काही ठिकाणी नाही म्हणतील. वाद घालू नका, पण विषयही सोडू नका. ऑल इंडिया मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डानं 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्र दिलं आहे की स्त्रियांना नमाजसाठी मशिदीत यायला मनाई नाही. म्हणजे आता अडतं ते पुष्कळदा जागेवर: वेगळं दार नाही, वेगळा वुजूखाना नाही, संडास नाही. हे तुमच्या हातातलं काम आहे. ड्रॉइंग करा, त्यावर सुचवा की जिन्याखालची ही अडगळ काढली तर इथे काय बसू शकतं. ट्रस्टी भाषणाला जितके बिचकतात तितके नकाशाला बिचकत नाहीत, असं माझं निरीक्षण आहे.

ढाक्याची मरीना तबस्सुम ही वास्तुविशारद तुमच्यापैकी काहींना माहीत असेल. तिची बैत-उर-रौफ मशीद जरूर बघा. जमीन तिच्या आजीनं दिली, पैसा बराचसा लोकवर्गणीचा. विटांची इमारत, घुमट नाही, मिनार नाही. छतातल्या गोल छिद्रांतून उजेडाचे कवडसे खाली फरशीवर पडतात. 2016 मध्ये तिला आगा खान पुरस्कार मिळाला. जेमतेम पैशांत, दाट वस्तीत, एका बाईनं बांधलेली ही मशीद आहे. आपल्या ट्रस्टींना त्या छायाचित्रांची एक प्रत अर्जाबरोबर द्यायला हरकत नाही.

मशिदीच्या, दर्ग्याच्या, कब्रस्तानाच्या मोजणीचा आणखी एक उपयोग आहे. 2025 मध्ये वक्फ मिळकतींच्या नोंदणीसाठी उमीद पोर्टल सुरू झालं आणि ठिकठिकाणी कागदांची शोधाशोध झाली. चांगला नकाशा अशा वेळी कामाला येतो. पण एक गोष्ट स्पष्ट ठेवा: तुमचं ड्रॉइंग मालकीचा पुरावा नाही. त्यासाठी नगर भूमापन कार्यालयाची मिळकत पत्रिका आणि तिथली अधिकृत मोजणी लागते. तुमचं काम सांगतं की आज तिथे काय उभं आहे आणि कोणत्या अवस्थेत. कुणी तुमच्या शीटवर हद्दीची रेघ "जरा इकडे" ओढायला सांगितली, तर नाही म्हणा. कोण सांगतंय हे बघू नका.

सुट्टीत गावी जाणाऱ्यांसाठी दोन शब्द. कोकणात जाणार असाल तर नानीचं जांभ्याचं, कौलारू घर यंदाच मोजून घ्या. आखातातून पैसे आले की पुढच्या वर्षी तिथे स्लॅब पडेल. पडू दे, राहणाऱ्याला त्याची सोय बघायचा हक्क आहे. पण ओटा, पडवी, माळा, चुलीचा धूर जायची वाट, हे कागदावर राहू दे. मराठवाड्यात असाल तर बीबी का मकबरा बघताना मुख्य दारावरचा लेख विसरू नका. त्यात अताउल्लाह हा वास्तुकार आणि हंसपत राय हा अभियंता, अशी दोन नावं आहेत. एकाच कामावरची. आणि मकबऱ्यापेक्षा जास्त वेळ पाण्याला द्या. हबशी गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर पुढे निजामशाहीचा कारभारी झाला. त्यानं खडकी, म्हणजे पुढचं औरंगाबाद आणि आताचं छत्रपती संभाजीनगर वसवलं, तेव्हा डोंगराकडून जमिनीखालून नहर आणली. पाणचक्कीचं पाणीही असंच जमिनीखालून येतं. अशा कामाचा काटछेद काढून बघा, म्हणजे तुमच्या प्लंबिंगच्या विषयात जीव येईल. नगरला, म्हणजे अहिल्यानगरला, डोंगरावरची तीन मजली अष्टकोनी इमारत लोक चांदबीबी महाल म्हणून ओळखतात. ती सलाबतखानाची कबर आहे. अष्टकोन मोजणं अवघड असतं, म्हणून सरावाला उत्तम. स्मारकं पुरातत्त्व खात्याची असतील तर मोजायला त्यांची परवानगी लागते, ती आधी काढा. विद्यार्थी संघटना 'नासा'ची लुई कान ट्रॉफी अशाच मोजणीच्या कामासाठी असते. तुमच्या कॉलेजचा गट असेल तर त्यात घुसा.

मुंबई-ठाण्याच्या मुलांनी हार्बर लाइन पकडून एक दिवस सीबीडी बेलापूरला जावं. चार्ल्स कोरियांनी 1980 च्या दशकात तिथे छोटी घरं केली. सात-सात घरं एका चौकाभोवती, आणि कुठल्याही दोन घरांची भिंत सामाईक नाही, म्हणजे ज्याला त्याला आपलं घर वाढवता यावं. पुष्कळांनी इतकं वाढवलं की मूळ घर ओळखू येत नाही. काही प्राध्यापक त्यावर हळहळतात. मला तर तिथे शिकण्यासारखं ते वाढवलेलंच वाटतं.

एक आठवडा तरी गवंड्याच्या हाताखाली काढा. ओळंबा कसा धरतात, मसाल्यात पाणी किती, सांधा कसा मोडतात, विटा आधी का भिजवतात. शीटवर नऊ इंची भिंत म्हणजे दोन रेघा. ती रचायला लागल्यावर तुम्ही भिंती जपून काढाल. तुमच्यातल्या काहींचे अब्बा, चाचा, मामूच मिस्त्री आहेत. सर्टिफिकेटवर कुणाची सही आणायची म्हणून थांबू नका. उस्ताद म्हणून त्यांच्याबरोबर साइटवर जा आणि ते जे करतात त्याचं रेखाटन करा. लॉरी बेकरांनी रॅट-ट्रॅप बाँड लोकप्रिय केला, म्हणजे विटा काठावर उभ्या रचून भिंतीत पोकळी ठेवायची. विटाही वाचतात, उष्णताही अडते. मामूंना विचारा त्यांनी तो कधी केलाय का. नसेल तर कंपाउंडच्या भिंतीत दोघांनी मिळून चार फूट करून बघा.

मला माहीत आहे की इथल्या निम्म्या मुलांना सुट्टीत दुकानात उभं राहायचं आहे, डिलिव्हरी करायची आहे किंवा शिकवण्या घ्यायच्या आहेत. फी भरायची आहे. त्याबद्दल कुणी कमीपणा मानू नये. घर मोजायला दोन सकाळ लागतात, उष्णतेच्या नोंदी घरच्यांनाही वाटून देता येतात. धाकट्या भावाला थर्मामीटर द्या, तो तुमच्यापेक्षा वेळ पाळेल.

शेवटी परवानगीचं. दुसऱ्याच्या घरात आधी विचारा, फोटोत माणसं येऊ देऊ नका, आणि आतल्या खोलीचा प्लॅन इन्स्टाग्रामवर टाकू नका. काही घरं भाडेकरारावर असतात, काहींचा माळा मंजूर नसतो. तुमच्या कौतुकापायी कुणाच्या दारात नोटीस येता कामा नये. शीटवर घरमालकाचं नाव नको. तारीख, उत्तर दिशा, स्केल आणि मोजणाऱ्यांची नावं मात्र हवीतच. एक प्रत त्या घरात द्या. भिंतीवर लावतात लोक. कर्जाच्या वेळी, वाटणीच्या वेळी, दुरुस्तीचा अंदाज काढताना ती बाहेर येते.

प्रश्न नंतर घेऊ. बाहेर टेबलावर आठ टेप ठेवलेत, तिघा-तिघांचे गट करा. हा हॉल बरोबर काटकोनात आहे असं इथले व्यवस्थापक मला सांगत होते. आधी दोन्ही कर्ण घ्या.